सुट्या पैशांतील दुर्मीळ नाणी: दुहेरी दिसणारे अंक खरे की फसवे?

चिल्लरवेचा (प्रश्न):
हाती येणारी चिल्लर खर्च करण्यापूर्वी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली एकदा पाहून घ्यायची, अशी सवय मला गेल्या वर्षभरात लागली आहे. परवा सुट्या पैशांत आलेल्या एका नाण्यावर वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांना खालच्या बाजूने आणखी एक कड दिसली. तोच अंक किंचित सरकवून पुन्हा उमटवावा, तशी. दुसरे एक नाणे उलटून पाहिले असता त्याची मागची बाजू सरळ न राहता थोडी कललेली दिसते. ही दोन्ही नाणी दुर्मीळ प्रकारांत धरावीत का, आणि मुळात ते ठरवायचे कशावरून? चित्रफिती पाहिल्या की गल्ल्यातले प्रत्येक दुसरे नाणे घबाड वाटू लागते, म्हणून येथील जाणत्यांना विचारत आहे. नाणी बरीच मळलेली असल्याने ती घासून मगच छायाचित्रे द्यावीत, असे मनात आहे.

भिंगवाला:
घासण्याचा विचार आधी सोडून द्या. टूथपेस्ट असो वा धातू उजळवण्याची पूड, तिने पडलेले बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच ओळखू येतात, आणि एकदा गेलेली मूळ झळाळी पुन्हा आणता येत नाही. संग्राहकाला मळके नाणे चालते, घासलेले चालत नाही.

आता अंकांविषयी. ज्या ठशाने नाणे पाडतात, तो ठसा स्वतः हब नावाच्या उठावदार मूळ ठशाखाली दाबून तयार केलेला असतो. पूर्वी एका दाबात नक्षी पूर्ण उमटत नसे. ठसा तापवून नरम करून पुन्हा हबखाली बसवावा लागे, आणि या दुसऱ्या खेपेला तो केसभर जरी फिरला तरी दुहेरी अक्षरे ठशावरच कायमची कोरली जात. त्या ठशाने पाडलेले प्रत्येक नाणे तेच दुहेरीपण घेऊन बाहेर पडते. डबल डाय म्हणतात ते हेच. याउलट, यंत्रात सैल बसलेला ठसा नाण्यावर आदळल्यानंतर जरासा सरकला, तर नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड चेपली जाते. हा यंत्रदोष अतिशय सर्रास आढळतो आणि त्याला संग्राहकांच्या लेखी मोल नसते.

फरक ओळखण्यासाठी उजेड एका बाजूने तिरपा पाडा आणि नाणे हळूहळू फिरवा. डबल डायमध्ये दोन्ही प्रती गोलसर व उठावदार असतात, अक्षर नेहमीपेक्षा जाड दिसते आणि दोन रेषा जेथे वेगळ्या होतात तेथे टोकाला खाच असते. यंत्रदोषात दुसरी प्रत सपाट, चकचकीत पायरीसारखी खाली चिकटलेली असते आणि मूळ अक्षर तेवढेच बारीक झालेले असते. त्याच वर्षाचे एक साधे नाणे शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय करू नका. नुसत्या आठवणीवर जाडी मोजता येत नाही.

कोरीचकती:
वरील उत्तरात एक भर घालतो. अपघाताने वाकडे पडलेले नाणे आणि ठशातला प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपघात बहुधा एकट्या नाण्याचा असतो; प्रकार मात्र ठशात असल्याने हुबेहूब पुन्हा सापडतो, आणि म्हणूनच त्याची नोंद होऊ शकते. फिलाडेल्फिया टांकसाळीचा १९५५ चा डबल डाय सेंट घ्या: अंदाजे २० ते २४ हजार नाणी चलनात गेली, आणि त्यांवरील वर्ष व अक्षरे भिंगाशिवायही दुहेरी दिसतात.

सगळेच प्रकार इतके ठळक नसतात. २००८ मध्ये ब्रिटनच्या २० पेनीच्या नाण्याची मागची बाजू बदलली आणि वर्ष पुढच्या बाजूवर हलवण्यात आले; नवी मागची बाजू जुन्या पुढच्या बाजूशी जोडली गेली, आणि वर्षच नसलेली नाणी चलनात आली. अमेरिकेच्या १९९९ च्या काही सेंटांवर तर फरक एवढाच, की ‘अमेरिका’ या शब्दातील पहिली दोन अक्षरे एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असण्याऐवजी सुटी दिसतात, कारण प्रदर्शनी नाण्यांसाठीचा मागचा ठसा नेहमीच्या नाण्यांसाठी वापरला गेला. तेथे पाहणाऱ्याला काहीच चुकलेले वाटत नाही. त्यामुळे प्रत्येक नाण्याचा कानाकोपरा धुंडाळण्यापेक्षा कोणत्या वर्षाच्या नाण्यावर नेमके कोठे पाहायचे, हे आधी माहीत असणे माझ्या मते अधिक कामाचे आहे.

चिल्लरवेचा:
दोघांचेही आभार. त्याच वर्षाचे दुसरे नाणे शोधून शेजारी ठेवले. माझ्या नाण्यावरील अंक खरोखरच बारीक आहेत, आणि ज्याला मी दुसरा अंक समजत होतो ती सपाट पायरी निघाली. म्हणजे यंत्रदोषच. कललेल्या नाण्याचे काय करावे?

तराजू:
आधी एक खात्री करून घ्या. काही देशांची नाणी पुस्तकाच्या पानासारखी डावीकडून उजवीकडे उलटल्यावर मागची बाजू सरळ दिसते, तर काहींची खालून वर उलटल्यावर. आपण चुकीच्या दिशेने उलटले, तर ठीक असलेले नाणेही पूर्ण १८० अंशांनी फिरलेले भासते, आणि ही गफलत नवख्यांकडून नेहमी होते. तुमचे नाणे थोडेच कललेले असल्याने ती शक्यता येथे नाही. ठसा खाचेत सैल होऊन फिरला असणार. थोड्या अंशांचा कल फारसा कोणी विचारात घेत नाही. ९० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक फिरलेली नाणी मात्र जपून ठेवतात. कोनमापकाने मोजून आकडा येथे द्या.

भिंगाइतकाच छोटा वजनकाटाही उपयोगी पडतो, हे जाता जाता सांगतो. १९८२ मध्ये अमेरिकी सेंटाचा धातू बदलला आणि वजन ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आले. जुन्या धातूच्या चकतीवर पाडलेला १९८३ चा सेंट डोळ्यांना कळणार नाही, काट्यावर मात्र लगेच उघडा पडतो.

मोजून होईपर्यंत नाणे कडांनी धरा आणि कागदी पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात ठेवलेल्या माझ्या चार नाण्यांवर दोन वर्षांत हिरवट, चिकट थर चढला होता.