पेसमेकरची हृदयाच्या डाव्या कप्प्याची वायर शिरेतून बसली नाही, आता छातीतून सर्जरी करून लावायची म्हणतात. कुणाला अनुभव?

बाबांची_लेक:
नमस्कार, जरा टेन्शनमध्येच लिहितेय. बाबांचं ईएफ (हृदयाचं पंपिंग) २५ टक्के, ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या बाजूला सिग्नल नेणारी वायरिंग अडलेली), क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत सिग्नल पसरायला लागणारा वेळ) १६० मिलिसेकंद, औषधं फुल डोसवर असूनही चार पायऱ्या चढल्या की दम लागतो म्हणून सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र आकसाव्यात म्हणून तीन वायरचा पेसमेकर) ठरलं. उजवीकडच्या दोन्ही वायर नीट बसल्या पण डाव्या कप्प्याची तिसरी काही केल्या बसेना, एका शिरेत गेली तर तिथे पेसिंग (वायरमधून बारीक करंट देऊन ठोका चालवणं) चालू केलं की पोट गचके मारल्यासारखं उडायचं, आणि दुसरी शीर इतकी बारीक की वायर जाईचना. आता सर्जन म्हणतात डावीकडे फासळ्यांमधून छोटा छेद घेऊन वायर हृदयाला बाहेरूनच लावू. आईने ऐकल्यापासून धसकाच घेतलाय. एवढ्या कमी पंपिंगवर पूर्ण भूल द्यायची? आणि शिरेतून नाही जमलं म्हणून ही दुय्यम सोय तर नाही ना?

प्रोग्रॅमरवाला:
ताई, मी पेसमेकर चेकिंगचं काम करतो, डॉक्टर नाही, पण दुय्यम सोय हा शब्द आधी डोक्यातून काढा. १९९४ साली फ्रान्समध्ये पेशंटचे चारही कप्पे पेस करून दाखवले तेव्हा डावी वायर हृदयाला बाहेरूनच लावली होती, कोरोनरी सायनसच्या (हृदयाच्या मागच्या मोठ्या शिरेच्या) शिरांमधून न्यायची पद्धत नंतर रुळली. आता आधी शिरेतूनच करतात कारण त्यात छाती उघडावी लागत नाही, पण शिरा जिथे असतील तिथेच वायर जाणार. प्रत्येकाच्या शिरांची ठेवण वेगळी, त्यामुळे न बसणं ही कुणाची चूक नाही. पोट उडतं ते फ्रेनिक नर्व्हमुळे, ती हृदयाच्या डाव्या भिंतीला लागूनच खाली डायफ्रॅमकडे (छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या स्नायूकडे) जाते, वायर तिच्या जवळ आली की प्रत्येक ठोक्याला डायफ्रॅमही आकसतो.
सर्जनला हे सगळं डोळ्यांसमोर दिसतं. नर्व्ह दिसते, कोरोनरी आर्टरी दिसते, पिवळी चरबी कुठे जाड आहे ते दिसतं (चरबीवर वायर लावली की करंट जास्त लागतो आणि बॅटरी लवकर संपते, जुन्या अटॅकचा व्रण असेल तर तिथे पकडच येत नाही). वायर पक्की करायच्या आधी टोक दोनतीन ठिकाणी टेकवून बघतात आणि आम्ही स्क्रीनवर मोजतो की क्यूआरएस सुरू झाल्यापासून त्या जागी सिग्नल किती उशिरा पोचतोय. लेफ्ट बंडल ब्लॉकमध्ये बाजूची-मागची भिंत सगळ्यात उशिरा आकसते, तर जिथे उशीर जास्त ती जागा चांगली. मग स्क्रूने किंवा टाके घालून पक्की करतात आणि कातडीखालून कॉलरबोनखालच्या खिशापर्यंत (पेसमेकरची डबी ठेवतात ती जागा) ओढून आणतात. बरेच सर्जन दोन वायर लावतात, एक जोडायची आणि एक टोपण लावून राखीव, पुढे पहिली बिघडली तर छाती परत उघडायला नको. तुमच्याकडे एक लावणार की दोन ते नक्की विचारा.

आयसीयू_सिस्टर:
भुलीची भीती खोटी नाहीये. डावं फुप्फुस थोडा वेळ मिटवून एकाच फुप्फुसावर श्वास चालवतात म्हणजे सर्जनला जागा मिळते, आणि कमजोर हृदयाला तो वेळ जड जातो, म्हणून हार्टच्या केसेस रोज करणारे भूलतज्ज्ञ हवेत. दम्याचा किंवा बिडी-सिगरेटचा इतिहास असेल तर लपवू नका, रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते लिहून घ्या. पाय सुजलेले असतील, आडवं झोपता येत नसेल तर आधी अंगातलं पाणी उतरवून मगच टेबलवर घेतात, तारीख पुढे गेली तर चिडू नका. नंतर छातीत साठलेलं पाणी-रक्त काढणारी ड्रेनची नळी असते आणि फासळ्यांमधली जखम दुखते, खूप दुखते खरं सांगते. दुखतंय म्हणून पेशंट खोकत नाही, मग कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. दुखणं सहन करत बसू नका, औषध मागा, उशी छातीशी धरून खोकायला लावा.

शांतपणे_विचारा:
थोडं वेगळं मत. सर्जरीला हो म्हणायच्या आधी लेफ्ट बंडल एरिया पेसिंग करता येईल का हे विचारलंय का? यात वायर शिरेतूनच उजव्या कप्प्यात नेऊन दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात आत रुतवतात आणि हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगलाच पेस करतात, छाती उघडायची गरजच नाही. चार टोकांची डावी वायर वापरली होती का तेही विचारा, तिच्यात पोट उडणारं टोक सोडून दुसऱ्या टोकाने पेस करता येतं.

प्रोग्रॅमरवाला:
बरोबर मुद्दा, मीच आधी लिहायला हवं होतं. फक्त पडद्यात मोठा व्रण असेल तर वायर आत शिरत नाही किंवा क्यूआरएस हवा तेवढा बारीक होत नाही, आणि खिसा परत उघडला की इन्फेक्शनचा धोका वाढतो, म्हणून नुसतं करून बघू असं नको, कारण विचारून ठरवा. बाबांची बायपास झालीये का? झाली असेल तर आत सगळं चिकटलेलं असतं, सर्जनचं काम अवघड होतं.

बाबांची_लेक:
बायपास नाही झालेली, अटॅकही नाही, डायलेटेड कार्डिओमायोपथी (हृदय मोठं होऊन कमजोर पडणं) आहे. पुढे कधी एमआरआय लागला तर अडचण येईल का?

प्रोग्रॅमरवाला:
हो, हे आधीच बोलून घ्या. बाहेरून लावलेल्या वायर सहसा एमआरआयसाठी मान्य नसतात, राखीव टोपणवाली तर नाहीच. अटॅक नाही म्हणजे व्रणाची शक्यता कमी, तर मधल्या पडद्याच्या पर्यायाबद्दल जोर लावून विचारा.

बाबांची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत प्रश्न उतरवलेत: पडद्यातून का नाही, चार टोकांची वायर वापरली होती का, एक वायर की दोन, भूलतज्ज्ञ कोण, गोळ्या कधी थांबवायच्या, एमआरआयचं काय. डॉक्टरांशी बोलणं झालं की इथेच लिहिते.