२६ जुलै: सत्काराच्या नियोजनावर सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. कारगिल विजय दिन, २६ जुलै, यंदा रविवारी येतोय. आपल्या तीन विंगमधल्या माजी सैनिकांचा आणि सैनिक कुटुंबांचा सकाळी १० वाजता स्टिल्ट पार्किंगमध्ये सत्कार करू. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांचे दोन शब्द, अल्पोपाहार. सूचना असतील तर आजच सांगा.

ए-७०२: बॅनर तयार आहे! मागे टायगर हिल, वर ‘कारगिलचे चार शहीद परमवीर’, खाली आपल्या सगळ्यांचे फोटो. ‘सेवानिवृत्त सुभेदार मेजर’, ‘माजी कर्नल’ अशी नावं टाकली आहेत. छापायला देऊ का?

सुभेदार काका (बी-१०४): थांब रे बाबा, देऊ नकोस. चौघांपैकी दोघं हयात आहेत. कॅप्टन विक्रम बत्रा आणि लेफ्टनंट मनोजकुमार पांडे यांना परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार यांनी स्वतः स्वीकारलं. दरवर्षी शंभर ठिकाणी ही चूक होते, कारण चारही फोटो एका ओळीत लावून वर हार घातला जातो.

आणि टायगर हिल फक्त यादवांचं, १८ ग्रेनेडियर्सचं. बत्रांचं नाव पॉइंट ५१४० आणि ४८७५ या शिखरांशी जोडलेलं, संजय कुमारही ४८७५ वरचेच, दोघं १३ जॅक (जम्मू अँड काश्मीर) रायफल्सचे. पांडे खालुबारला, १/११ गोरखा रायफल्स. मागे एकच डोंगर लावायचा तर नावं काढ, नाहीतर साधा निळा रंग ठेव.

सुभेदार काका (बी-१०४): आता हुद्द्यांचं. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून आधी हुद्दा, मग नाव, शेवटी कंसात ‘निवृत्त’. सुभेदार मेजर अमुक (निवृत्त). ‘माजी कर्नल’ तर अजिबात नको, हुद्दा काढून घेतल्यासारखं वाटतं. काहींना सेवेच्या शेवटी ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन मिळालेलं असतं. ते ‘ऑनररी’सकट लिहायचं. नेव्ही आणि एअर फोर्सचे हुद्दे वेगळे. चीफ पेटी ऑफिसरला कुणी हवालदार लिहू नये आणि सार्जंटला सुभेदार लिहू नये. प्रत्येक घरी जाऊन डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनच्या कागदावरून नाव उतरवून घ्या, फोनवर विचारू नका. स्मृतिचिन्हावर कोरलेलं नाव पुसता येत नाही.

सेक्रेटरी: ठीक आहे काका. उद्यापासून मी आणि खजिनदार फिरतो.

सी-३०२ (काकू): फिरताना एक पाळा. सध्या नोकरीत असलेल्यांची युनिट, ठिकाण, सुट्टीच्या तारखा यातलं काहीही बॅनरवर किंवा ग्रुपवर टाकू नका. घरच्यांनी कौतुकाने सांगितलं तरी नाही.

बी-६०१: झेंडा लावायचा ना? गेल्या २६ जानेवारीला दोरी अडकली होती, सगळे वर बघत उभे होते.

वॉरंट ऑफिसर काका (ए-२०३): या दिवशी झेंडा फडकवायलाच हवा असं काही नाही, पण फडकवायला हरकतही नाही. दोन प्रकारांत गल्लत नको. २६ जानेवारीला घडी वरच बांधलेली असते आणि दोरी ओढून उलगडतात. १५ ऑगस्टला खालून वर चढवतात. आपण खालून चढवू, गाठीची भानगडच राहत नाही. चढवताना झपाझप, संध्याकाळी उतरवताना सावकाश.

त्या दिवशी अडकण्याचं कारण सांगतो. सुती दोरी रात्रीच्या दवाने फुगली आणि सरकगाठ आवळली गेली. शिवाय घडीत मूठभराऐवजी अर्धा किलो ओल्या पाकळ्या भरल्या होत्या. जुलैत तर पाऊसच. नायलॉनची दोरी आणा, आदल्या दिवशी पाणी मारून तीनदा चढवून-उतरवून बघा, कप्पीला तेलाचा थेंब सोडा. खादीचा झेंडा भिजला की जड होऊन खांबाला चिकटतो. डिसेंबर २०२१ च्या बदलानंतर पॉलिस्टरचाही चालतो, पावसाळ्यात तोच घ्या. मापाचं प्रमाण ३:२, आपल्या खांबाला ९०० बाय ६०० मिमी पुरे. फाटका, रंग उडालेला नको. टेबलावर पांघरायचा नाही, स्मृतिचिन्हावर गुंडाळायचा नाही.

ए-७०२: ‘अमर जवान’ची प्रतिकृती करतोय, थर्माकोलची रायफल आणि हेल्मेट. आणि एन्ट्रीला फटाक्यांची माळ. लहान मुलांना कॉम्बॅट ड्रेस?

सुभेदार काका (बी-१०४): तिन्ही नको. थर्माकोलवर तर राज्यात बंदीच आहे. फटाक्यांचं कारण सांगतो. तोफखान्यातल्या कित्येकांचे कान गेलेले असतात आणि काहींना अचानक धडाका अजूनही सहन होत नाही. आणि जुलैत दुकानात मिळणारे ते चट्ट्यापट्ट्यांचे कपडे म्हणजे युनिफॉर्मची नक्कल. सैन्याने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या नमुन्याची तर नोंदणीच केली आहे, बाजारात विकायला परवानगी नाही. मुलं पांढऱ्या शर्टात छान दिसतात.

सी-३०२: पदकांचं पण सांगा काका, बायका विचारतायत.

सुभेदार काका (बी-१०४): ज्याने मिळवली तो डावीकडे लावतो. पतीची किंवा वडिलांची पदकं घरच्यांनी लावायची तर उजवीकडे, अशी रीत आहे. दिवसा पूर्ण मापाची पदकं ब्लेझर किंवा बंद गळ्यावर. ज्यांना पाच-सहा आहेत त्यांचा बार बराच जड होतो. साडीच्या किंवा पातळ कुर्त्याच्या कापडावर पिन खोवली की तिथेच फाटतं. आतून दुहेरी कापडाचा चार बोटं लांब तुकडा टाचून घ्यायचा आणि पिन दोन्ही थरांतून काढायची.

बी-६०१: बसायची व्यवस्था हुद्द्याप्रमाणे?

सी-३०२: मला विचाराल तर पहिल्या रांगेत वीरपत्नी आणि वीरमाता, मग वयाने मोठे, मग बाकी. हुद्द्याने लावलं की सोसायटीत आणखी एक भांडण. हाताच्या खुर्च्या आणा, गुडघे गेलेल्यांना प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीतून उठता येत नाही. शाल-श्रीफळ त्यांच्या जागेवर जाऊन द्या, त्यांना स्टेजवर चढवू नका.

वॉरंट ऑफिसर काका (ए-२०३): माइक आणि स्पीकर एकाच बाजूला ठेवलात की शिट्टी वाजते. स्पीकर माइकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. राष्ट्रगीताची रेकॉर्डिंग आधी पूर्ण ऐकून घ्या, ५२ सेकंदांच्या आसपास असावी. इंटरनेटवरून ऐन वेळी लावलेल्या गाण्याआधी साबणाची जाहिरात येते. मौन दोन मिनिटं, सुरुवात आणि शेवट घंटेने. पुष्पचक्र वाहिल्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर सॅल्यूट नाही, फक्त सावधान.

पाहुण्यांचे दोन शब्द दोनच राहिले तर बरं.

सेक्रेटरी: 😄 समजलं. मुलांशी गप्पांसाठी तीन जण तयार आहेत. मुलं काय विचारतील याची थोडी धास्ती वाटते.

सुभेदार काका (बी-१०४): ‘किती मारले?’ हा प्रश्न येणारच. आधीच सांगून ठेवा, तो नाही. त्याऐवजी विचारू दे: पिशवीत काय असतं, बर्फात पाणी कसं मिळतं, उंचीवर शरीर कसं सरावतं. सैन्यात ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर चार, त्याच्या वर आणखी चार दिवस सरावल्याशिवाय कामाला लावत नाहीत. आणि आपली माणसं पुण्याहून निघून त्याच दिवशी लेहला (साडेतीन हजार मीटर) उतरतात आणि दुसऱ्या दिवशी खारदुंग ला!

पंधरा मिनिटं प्रथमोपचारही ठेवू. जखमेवर घट्ट दाब आधी. त्याने थांबत नसेल, हातापायातून धार लागली असेल तरच टूर्निके (रक्त थांबवायला आवळून बांधायची पट्टी), जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर, सांध्यावर नाही. बांधल्याची वेळ लिहायची आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत सैल करायचं नाही. लोक दर थोड्या वेळाने सैल करून बघतात, तिथेच रक्त जातं.

खजिनदार: जुलै म्हणजे आगीच्या यंत्रणेचा फॉर्म बी, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, पण आला. वर्षातून दोनदा द्यायचा, जानेवारी आणि जुलै.

सुभेदार काका (बी-१०४): मग त्याच दिवशी फायर ड्रिल. आदेश सैन्यात ठरलेल्या पाच भागांत देतात: परिस्थिती, उद्दिष्ट, कृती, रसद, नेतृत्व आणि संपर्क. आपला कागद असा: आग बी विंग चौथा मजला / दहा मिनिटांत सगळे गेटजवळ / जिना, लिफ्ट नाही / पाण्याचे ड्रम आणि व्हीलचेअर कुठे / मोजणी कोण घेणार, फोन कुणाला. शेवटचाच भाग सोसायट्या विसरतात. प्रत्येक मजल्याला एक माणूस आणि एक पर्यायी. पहिला गावाला गेलेला असतोच.

सी-३०२: शालीचं बजेट किती धरलंय खजिनदार?

खजिनदार: प्रत्येकी ८००.

सी-३०२: ४०० ची घ्या. उरलेल्या पैशात आणि वेळात एक टेबल लावा, कागदपत्रांचं. घराघरांत काय अडलेलं असतं ते सांगते. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) पत्नीचं नाव नसतं किंवा आधारपेक्षा वेगळं लिहिलेलं असतं. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन तिथेच अडकतं. दोघं असतानाच दुरुस्त करायचं. दुसरं, पीपीओवर जन्मतारीख नसेल तर ८० वर्षांनंतरची २० टक्के वाढ आपोआप सुरू होत नाही. ८५ ला ३०, ९० ला ४०. कित्येक आजी ती न घेताच बसलेल्या असतात. तिसरं, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. बोटांचे ठसे पुसट झालेल्यांचा अंगठा मशीन घेत नाही, फोनवर चेहरा दाखवूनही होतं.

खजिनदार: आणि मालमत्ता कर?

सी-३०२: २०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घरासाठी माफी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाची झेरॉक्स दरवाज्यामागे लावा. इमर्जन्सीत पॅनलबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं, आणि त्या गडबडीत कार्ड सापडत नाही.

खजिनदार: वर्गणीतून उरलेले पैसे सैनिकांसाठीच्या ध्वजदिन निधीला देऊ? ७ डिसेंबर लांब आहे.

वॉरंट ऑफिसर काका (ए-२०३): निधी वर्षभर घेतात. पावती सोसायटीच्या नावाने घ्या. वैयक्तिक दिले तर आयकरात सवलत मिळते, पण नव्या करप्रणालीत नाही, हे आधीच सांगा.

सेक्रेटरी: ठरलं. कागदांच्या टेबलाला सी-३०२ काकू आणि खजिनदार, दोरी आणि कप्पीला वॉरंट ऑफिसर काका. ए-७०२, नवीन बॅनर आधी बी-१०४ ला दाखवायचा.

ए-७०२: काका, निळा म्हणजे कुठला निळा? तिन्ही दलांचे रंग घेतो ना, लाल, गडद निळा, फिका निळा?

सुभेदार काका (बी-१०४): घे. पट्टे उभे कर, आणि नावं शुद्धलेखन तपासूनच पाठव.