पांढरी पार्श्वभूमी उजळ करताना गजरा आणि पिकलेले केस नाहीसे होतात : मदत हवी आहे

नमस्कार.

पुण्यातील एका नृत्यवर्गाच्या स्मरणिकेसाठी मी विद्यार्थिनींची आणि ज्येष्ठ गुरूंची छायाचित्रे काढली आहेत. सदाशिव पेठेतील दहा बाय बाराच्या खोलीत, लक्ष्मी रस्त्यावरून आणलेले पांढरे सुती कापड मागे लावून आणि डावीकडे एकच सॉफ्टबॉक्स (मऊ उजेड देणारा झाकलेला दिवा) ठेवून हे काम झाले. जागेअभावी व्यक्ती कापडापासून जेमतेम तीन फूट पुढे बसल्या, आणि कापडासाठी वेगळा दिवा नव्हता, त्यामुळे ते करडे आले आहे. फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलमध्ये मध्यभागी साधारण 225, तर उजव्या कोपऱ्यात 190 आकडा दिसतो (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पूर्ण पांढरा).

छापखान्याला पार्श्वभूमी कागदात मिसळून जाईल इतकी शुभ्र हवी आहे. संपूर्ण छायाचित्रावर लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा बदलणारी सोय) वापरल्यास कपाळावरील चकाकी पांढरीफटक पडते. सिलेक्ट सब्जेक्टने (व्यक्ती आपोआप निवडणाऱ्या सोयीने) व्यक्ती वेगळी करून उरलेला भाग उजळला, तर अंबाड्याच्या कडेची मोगऱ्याची फुले अर्धवट खाल्ल्यासारखी दिसतात आणि गुरूंच्या पांढऱ्या केसांभोवती करडी किनार उरते. केवळ पार्श्वभूमी उजळण्याची, परंतु या कडा राखण्याची पद्धत कोणी सांगू शकेल का? पार्श्वभूमी कापून नवी लावणे मला टाळायचे आहे, कारण तसे चित्र चिकटवल्यासारखे दिसते.

प्रतिसाद

कापून लावणे टाळत आहात, हे उत्तमच. आपली खरी अडचण उजेड असमान असण्याची आहे, म्हणून एकाच लेयरवर सगळा भार टाकू नये. लेव्हल्सच्या पहिल्या अॅडजस्टमेंट लेयरमध्ये (मूळ चित्र न बदलता वर ठेवलेल्या थरात) उजवीकडचा पांढरा स्लायडर 225 वर आणावा. त्याने मध्यभाग शुभ्र होईल आणि कोपऱ्यातील 190 चे साधारण 215 होतील. दुसऱ्या लेयरमध्ये तोच स्लायडर 215 वर ठेवून त्याच्या मास्कवर (जेथे काळा रंग असेल तेथे लेयरचा परिणाम लपवणाऱ्या पडद्यावर) उजवीकडून आत विरत जाणारा ग्रेडियंट द्यावा. दोन्ही मास्कमध्ये व्यक्ती काळ्या रंगाने झाकावी.

केसांच्या कडेला मास्कवर ब्रश ओव्हरले मोडमध्ये, कमी ओपॅसिटीने फिरवावा. त्यात मास्कचा पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा भाग तसाच राहतो आणि फक्त मधल्या करड्या छटा बदलतात, म्हणून सुट्या बटा वाचतात. डॉज टूल (रंगवू तेथे उजळ करणारे साधन) हायलाइट्सवर, म्हणजे सर्वांत उजळ छटांवर, ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. काळ्या केसांसाठी तो ठीक आहे, पण गजरा आणि पिकलेले केस हे स्वतःच हायलाइट्स असल्याने तो येथे घात करील.

गजऱ्यालगतची पार्श्वभूमी मात्र 255 पर्यंत नेऊच नये. तेथे 245 च्या आसपास थांबून चौकटीच्या कडेपर्यंत ती हळूहळू 255 वर न्यावी, म्हणजे छपाईत चित्राची सीमा दिसणार नाही आणि पाकळ्याही उठून दिसतील. फुले तरीही सपाट वाटल्यास तेवढ्यापुरता वेगळा कर्व्हज (छटांचा उजेड वक्ररेषेने बदलणारा) लेयर घेऊन मधल्या छटा किंचित गडद कराव्यात. सुती कापडाचा पिवळसरपणा उरला असेल, तर ह्यू/सॅच्युरेशनमध्ये फक्त पार्श्वभूमीचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उतरवावे.

पुन्हा छायाचित्रे काढण्याची संधी मिळाल्यास एक स्वतंत्र दिवा केवळ कापडावर रोखावा आणि कापडावरचा उजेड चेहऱ्यावरील उजेडापेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) अधिक ठेवावा. त्याहून फार वाढवल्यास कापडावरून परतणारा उजेड केसांच्या कडा खातो, आणि ते नुकसान संगणकावर भरून निघत नाही.