अनुभव धागा: डिस्टिल्ड वॉटर आणि घरातल्या उपकरणांत साचणारे क्षार

मागच्या आठवड्यात गडद निळ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्री फिरवत होते. वाफेचं बटण दाबलं, चर्र आवाज झाला आणि वाफेबरोबर पांढरे कण बाहेर आले. शर्ट झटकला तेव्हा काही गळून पडले, काही ओले होते ते कापडात घासले गेले. इस्त्री गार झाल्यावर उलटी करून बघितली. तळाच्या पाच-सहा छिद्रांच्या कडेला पांढरट खपली धरली होती. टाचणीने टोकरली तर खडूसारखा भुगा पडला. तीन वर्षं त्या इस्त्रीत मी नळाचंच पाणी घालत आले होते.

तेव्हापासून विचारतेय, वाचतेय आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळतंय. कुणी सांगतं, डिस्टिल्ड वॉटरशिवाय काही घालूच नका. कुणी सांगतं, माहितीपुस्तिकेत नळाचं पाणी चालेल असं स्वच्छ लिहिलंय. म्हणून हा धागा.

मला समजलं ते एवढं. जड म्हणजेच कठीण पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, बऱ्याचदा बायकार्बोनेटच्या रूपात. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तापलेल्या धातूवर बसतं. पाणी पूर्ण आटलं तर त्यातले बाकीचे क्षारही तिथेच राहतात. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे पाण्याची वाफ करून ती पुन्हा गार केलेली, त्यामुळे क्षार आधीच्या भांड्यात राहून गेलेले.

तुम्ही कशात कुठलं पाणी घालता, किती दिवस घातलंत आणि काय झालं, ते लिहा. फसलेलं असेल तर आवर्जून लिहा.

*

आमच्याकडे बाळाच्या खोलीत अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) आहे. पंधरा दिवसांत काळ्या कपाटावर पीठ भुरभुरल्यासारखा थर दिसायला लागला. सकाळी पुसलं की संध्याकाळी पुन्हा. आधी वाटलं भिंतीचा रंग सुटतोय. मग लक्षात आलं की ह्युमिडिफायर ज्या बाजूला तोंड करून ठेवलाय, त्याच बाजूला थर दाट आहे.

या प्रकारच्या यंत्रात पाणी उकळत नाही. खालची चकती वेगाने थरथरते आणि पाण्याचे बारीक थेंब हवेत फेकते. थेंब सुकतो, त्यातला क्षार हवेत राहतो, मग कपाटावर बसतो. आमच्या पाण्याची कठीणता लिटरला 300 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. रोज 2 लिटर पाणी म्हणजे 600 मिलिग्रॅम, महिन्याला 18 ग्रॅम भुकटी. हा हिशोब कागदावर मांडला त्या दिवशी मी यंत्र बंद केलं, कारण जे कपाटावर बसत होतं ते बाळाच्या श्वासातूनही जात होतं.

डिस्टिल्ड वॉटर सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी फडकं फिरवलं तर फक्त रोजची धूळ आली. टाकी मात्र रोज रिकामी करून धुतो. क्षार नसले तरी साचलेल्या पाण्यात जंतू वाढतातच.

*

किटलीत डिस्टिल्ड वॉटर घालायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. किटलीचा थर डोळ्यांना दिसतो आणि हाताने काढता येतो. मी महिन्यातून एकदा कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड टाकून तासभर ठेवते. बुडबुडे येतात, थर सुटतो, दोनदा खळखळून धुतलं की झालं. एक चूक मी केली होती ती सांगते: सायट्रिक घालून पाणी खळखळा उकळलं. तळाशी नवीनच पांढरं बसलं आणि ते निघायला जास्त त्रास झाला. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात उलट कमी विरघळतं, हे नंतर कळलं. आणि व्हिनेगर असो की सायट्रिक, ब्लीचबरोबर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.

*

माझा अनुभव अगदी उलटा आहे.

आईला सर्दी झाली म्हणून वाफारा घ्यायचं छोटं यंत्र काढलं. उपकरण जपायचं म्हणून मुद्दाम डिस्टिल्ड वॉटर घातलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वाफ नाही. बोट लावलं तर पाणी गारच. वायर तपासली, दुसऱ्या सॉकेटला लावून बघितलं. आई डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेली. शेवटी दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने यंत्र उघडलंसुद्धा नाही. विचारलं, "पाणी कुठलं घातलंय?" आणि चिमूटभर मीठ टाकलं. मिनिटभरात वाफ.

त्या यंत्रात तापणारी कॉइल नसते, दोन इलेक्ट्रोड पाण्यात बुडवलेले असतात. वीज पाण्यातूनच वाहते आणि त्यामुळे पाणी तापतं. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, म्हणजे तिथे थोडे क्षार हवेतच. पाणी बदलण्याआधी आपलं यंत्र कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. आणि मीठसुद्धा पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच, कारण जास्त झालं तर पाणी उसळून बाहेर येतं. चालू असताना पाण्यात हात तर घालूच नका.

*

वडील चार वर्षं झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) वापरतात. त्याच्या पाण्याच्या डबीत नळाचं पाणी घालायचो तेव्हा तळाच्या धातूच्या पत्र्यावर पांढरी वर्तुळं उठायची, एकात एक, झाडाच्या खोडासारखी. पातळ व्हिनेगरने निघायची, पण पत्र्याची चकाकी गेली ती गेलीच. डबी बदलली आणि तेव्हापासून फक्त डिस्टिल्ड वॉटर. या डबीला दोन वर्षं झाली, तळ अजून आरशासारखा आहे.

वर ह्युमिडिफायरबद्दल लिहिलंय त्यात एक भर. सीपॅपमध्ये पाण्याची नुसती वाफ होते, थेंब उडत नाहीत, त्यामुळे क्षार हवेत जात नाहीत, डबीतच राहतात. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे निर्जंतुक पाणी मात्र नव्हे. रोज सकाळी उरलेलं ओतून देतो, सौम्य साबणाने धुतो, पालथी ठेवतो. बाबांना एकदा वाटलं होतं, शुद्ध पाणी आहे तर राहू दे दोन दिवस. चौथ्या दिवशी डबीच्या कडेला बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं.

*

इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. इथे निवडीचा प्रश्नच नाही. चार्ज होताना पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, आम्ल मागे राहतं. म्हणून भरायचं ते फक्त पाणी, आणि तेही डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड (क्षार काढून टाकलेलं). मी एकदा घाईत फिल्टरचं पाणी घातलं होतं. क्लोराइड आणि लोह आत गेलं की प्लेटा खराब होतात आणि ते परत काढता येत नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी वाढून आम्ल बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील इतकंच घालायचं.

*

आरओचं पाणी, उकळून गाळलेलं पाणी, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी: तिन्ही करून बघितली.

आरओने क्षार बरेच कमी होतात, शून्य होत नाहीत. काही फिल्टरमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, ते वेगळंच. इस्त्रीत थर बसायचा थांबला नाही, उशिरा बसला. उकळलेल्या पाण्यातला थोडा क्षार भांड्याला लागतो, बाकीचा पाण्यातच असतो. त्याला डिस्टिल्ड म्हणणं चूक.

एसीच्या पाण्याचा टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारं यंत्र) आकडा फार कमी येतो, म्हणून मी खूश होते. पण मीटर विजेच्या वहनावरून अंदाज बांधतो. धूळ, बुरशी त्याला कळत नाही. महिनाभर ते पाणी इस्त्रीत घातलं आणि उशीच्या अभ्र्यांना ओल्या भिंतीसारखा वास यायला लागला. आता ते पाणी फक्त फरशी पुसायला.

*

धागा सुरू करणारीच पुन्हा लिहितेय. वाफाऱ्याचा अनुभव वाचून इस्त्रीची पुस्तिका शोधली. त्यात लिहिलंय: पाणी फार जड असेल तर नळाचं आणि डिस्टिल्ड अर्धं-अर्धं, नुसतं डिस्टिल्ड नको, पाणी ठिबकू शकतं. इतकी वर्षं पुस्तिका कपाटात होती आणि मी वाचली नव्हती, याचं वाईट वाटलं. स्वच्छतेचं बटण दाबून तीनदा वाफ सोडली. पहिल्या खेपेला बेसिनमध्ये चमचाभर तरी खपल्या पडल्या, तिसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ आलं. एक छिद्र अजून बंदच आहे. पाणी आता इस्त्री झाल्यावर लगेच ओतून देते.

*

गिझरसाठी कुणी विचारेल म्हणून: एवढं डिस्टिल्ड वॉटर कुणी घालू शकत नाही. आमचा उघडला तेव्हा तळातून ओंजळभर पांढरे तुकडे निघाले आणि कॉइल बोटाएवढी जाड झालेली. थर उष्णता अडवतो, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी जळते. तंत्रज्ञाने तापमान 75 अंशांवरून 60 वर आणायला सांगितलं, कारण पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर झपाट्याने बसतो. त्याहून खाली आणू नका असंही सांगितलं, कारण कोमट साठ्यात जंतू वाढतात. आतली मॅग्नेशियमची दांडी झिजून तारेएवढी उरली होती, तीही बदलली. ती टाकीला गंजापासून वाचवते, क्षाराशी तिचा संबंध नाही, पण टाकी उघडलीच आहे तर बघून घ्या.