डोळ्यापासून बोटापर्यंत

दादा, ‘मास्करेड’ या चित्रकोड्यांच्या पुस्तकातल्या खुणांवरून शोधायचा, खरोखर जमिनीत पुरलेला सोन्याचा ससा शब्दांच्या कोड्यांतून सापडतो, असं तुम्ही लिहिलंय. मला नाही पटत. किट विल्यम्सने १९७९ च्या त्या पुस्तकात खरी गोम चित्रांत ठेवली होती. दिवाळीत जळगावला आम्ही मावशी-भाची पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून, शिवणाचा दोरा ताणून बसलो. डाव्या डोळ्यापासून डाव्या हाताच्या लांब बोटावरून पुढे गेलं की दोरा थेट चित्राच्या चौकटीतल्या अक्षरावर! मग डाव्या पायाचं लांब बोट, नंतर उजवी बाजू. भाची ओरडली, “मावशी वं, लागलं!” शेवभाजी गार झाली, पण उठवेना. ही अक्षरं जोडून कळणारी, ससा पुरायची जागाही काय निवडली: इंग्लंडमधल्या अ‍ॅम्पटहिलच्या बागेत, विषुवदिनी भर दुपारी तिथल्या स्मारकाच्या क्रॉसच्या सावलीचं टोक पडतं तिथे!