मदत हवी आहे: बॉक्स ट्रेनरवर गाठ जमते, पण लॅप्रोस्कोपीत कफ शिवताना हात अडतो

शिकाऊ_टाका

स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचं दुसरं वर्ष चालू आहे. बॉक्स ट्रेनरवर (सरावाच्या पेटीवर) एफएलएस या लॅप्रोस्कोपी-कौशल्याच्या चाचणीचे पाचही प्रकार होतात. पेग ट्रान्सफर (खुंट्यांवरच्या वस्तू हलवणं) ४८ सेकंद आणि आतली (पेटीच्या आत हत्यारांनीच बांधायची) गाठ ११२ सेकंद ही प्रावीण्याची मर्यादा धरतात, तिच्या आत वेळ सातत्याने येते. पण टोटल लॅप्रोस्कोपिक हिस्टरेक्टॉमीत (दुर्बिणीने पूर्ण गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत) गर्भाशय खालून काढून झाल्यावर योनीचा कफ (योनीचं वरचं उघडं राहिलेलं तोंड) शिवायला घेतला की सगळं अडतं.

नेमकं काय होतं ते लिहिते. सुई ऊतीत शिरताना नीडल होल्डरच्या (सुई धरायच्या हत्याराच्या) जबड्यात फिरते. डाव्या कोपऱ्यात कोनच मिळत नाही. मागच्या भिंतीतून टोक कुठे बाहेर येतंय ते दिसत नाही. एका टाक्याला तीन-चार प्रयत्न लागतात आणि तोवर कड चिरडलेली असते.

मांडणी अशी: मी रुग्णाच्या डाव्या बाजूला, कॅमेरा बेंबीतून, उजव्या हातातला नीडल होल्डर मधल्या सुप्राप्युबिक (जघनास्थीच्या वरच्या) पोर्टमधून, म्हणजे हत्यार आत घालायच्या छिद्रातून, डाव्या हातातलं ग्रास्पर (पकड) डावीकडच्या खालच्या पोर्टमधून. दोरा शून्य नंबरचा पॉलिग्लॅक्टिन (शरीरात विरघळणारा), सुई ३६ मिमीची अर्धवर्तुळाकार. बॉक्समध्ये पॅडवरची चीर उभी ठेवून सुई उजवीकडून डावीकडे नेते. सरावाचे तास वाढवू, की सरावातच काही बदलायला हवं?

प्रतल

तास वाढवू नका. पॅड ९० अंशांत फिरवा. कारण तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच आहे.

सुई होल्डरच्या दांड्याला काटकोनात धरून मनगट वळवलं की ती दांड्याला काटकोनात असलेल्या प्रतलातच फिरते. बॉक्समध्ये दांडा समोर जातो आणि चीर उभी असते, त्यामुळे सुई आपोआप एका कडेतून दुसऱ्या कडेत जाते. कफ मात्र आडवा असतो. त्यात सुई पुढच्या भिंतीतून मागच्या भिंतीत जायला हवी, म्हणजे दांडा बाजूने यायला हवा. मधल्या सुप्राप्युबिक पोर्टमधून काटकोनात धरलेली सुई चिरेच्या लांबीला समांतर फिरते. मग तुम्ही ती नकळत तिरकी धरता. तिरक्या धरलेल्या सुईवर जोर आला की ती जबड्यात फिरणारच. हात ठीक आहे, भूमिती चुकते आहे.

उपाय दोन. पहिला म्हणजे दोन्ही हत्यारं एकाच बाजूने घेणं. डावीकडे दोन पोर्ट, मध्ये ८ ते १० सेंमी अंतर, वरच्यातून उजवा हात आणि खालच्यातून डावा. दोन्ही पोर्ट इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक वाहिन्यांच्या (पोटाच्या भिंतीतल्या खोल रक्तवाहिन्यांच्या) बाहेर घ्यायचे. पोटावर आतून उजेड टाकून फक्त वरवरच्या वाहिन्या दिसतात. या खोल वाहिन्या आतून, मीडियल अम्बिलिकल फोल्डच्या (पोटाच्या भिंतीवरच्या आतून दिसणाऱ्या, बेंबीकडे जाणाऱ्या घडीच्या) बाहेरच्या बाजूला शोधाव्या लागतात. या मांडणीत दोन हत्यारांतला कोन सोयीच्या ६० अंशांपेक्षा बराच कमी होतो, म्हणून सुरुवातीला हत्यारं एकमेकांवर आपटतात. ते सरावाने जातं. सुईचं चुकीचं प्रतल सरावाने जात नाही.

दुसरा उपाय, पोर्ट ठरवणं तुमच्या हातात नसेल तेव्हाचा. होल्डर डाव्या हातात घ्या, डाव्या पोर्टमधून. त्यासाठी बॉक्समध्ये अर्धा सराव डाव्या हाताने करावा लागेल, पण मोबदला मोठा आहे, कारण डाव्या कोपऱ्याचा प्रश्न त्यातच बराचसा सुटतो.

सुई धरण्याबद्दल एवढंच: टोकापासून साधारण दोन तृतीयांशावर धरा, जबड्याच्या अगदी टोकाला. दोरा जोडलेला भाग पोकळ असतो, तिथे धरली तर सुई वाकते. शिरताना टोक ऊतीला काटकोनात ठेवा आणि पुढे ढकलण्याऐवजी मनगट वळवून वर्तुळ पूर्ण करा. मागच्या भिंतीत टोक दिसत नाही ते बहुतेक वेळा ढकलण्यामुळेच. सुई वक्र सोडून सरळ जायला लागते आणि खोल ऊतीत अडकते. दोन्ही भिंती एका फेरीत येत नसतील तर पुढच्या भिंतीतून सुई पूर्ण बाहेर काढा, पुन्हा धरा, मग मागची भिंत घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

मऊऊती

भूमितीशी पूर्ण सहमत. पण ऊतीची बाजू राहिली, आणि परिणाम तिच्यावर ठरतो.

शिवणं अवघड जातं तेव्हा गडबड कित्येकदा कोल्पोटॉमीतच (गर्भाशय सोडवण्यासाठी योनी कापतानाच) झालेली असते. मूत्राशय कफच्या कडेपासून दीड-दोन सेंमी खाली नीट सोडवलेलं नसेल तर पुढच्या भिंतीचा टाका भीत भीत आणि उथळ घेतला जातो. मोनोपोलरने (विजेवर कापणाऱ्या हत्याराने) एकाच जागी रेंगाळत कापलं तर कड काळी पडते, आणि जळालेली कड टाका धरत नाही. कट मोड, योनीत बसवलेल्या कोल्पोटॉमी कपावर चांगला ताण, आणि हत्यार सतत हलतं ठेवणं, एवढं सांभाळलं तरी कड बरीच जिवंत राहते. रक्त येतं तिथे नेमकं तेवढंच थांबवा, सगळी कड भाजत सुटू नका. रक्त टाक्यानेही थांबतं.

टाका कडेपासून १ सेंमी आत. इथे कॅमेरा फसवतो. जवळून ४ मिमीचा टाकाही भरपूर वाटतो. हत्याराचा दांडा ५ मिमीचा असतो, म्हणून दोन दांड्यांइतकी रुंदी ही मोजपट्टी धरा. दोन टाक्यांत साधारण तेवढंच किंवा थोडं कमी अंतर. आणि प्रत्येक टाक्यात दोन्हीकडची श्लेष्मल त्वचा आलीच पाहिजे. ती आत आखडून बसते, त्यामुळे नवखा हात फक्त वरचं फॅशिया (आवरणाचा थर) आणि पेरिटोनियम (पोटाच्या आतलं पातळ अस्तर) पकडतो. पडद्यावर कफ सुंदर बंद दिसतो आणि खाली फट राहते. म्हणून शेवटी योनीतून बोटाने आणि स्पेक्युलमने तपासणं सोडू नका.

कोपऱ्यात युटेरोसॅक्रल लिगामेंट (गर्भाशयाला मागे आधार देणारा बंध) टाक्यात घ्या, पण युटेराइन पेडिकलच्या (गर्भाशयाच्या धमनीच्या बंद केलेल्या टोकाच्या) बाहेर सुई नेऊ नका. मूत्रवाहिनी गर्भाशयग्रीवेपासून जेमतेम दीड-दोन सेंमीवर, त्या धमनीच्या खालून जाते. कोपऱ्यातून रक्त येत असताना घाईने घेतलेला मोठा टाका हाच तिचा मोठा शत्रू.

निकालवही

परिणामांचा मुद्दा आलाच आहे तर दोन आकडे. २००४ मधल्या इव्हॅल्युएट चाचणीत पोट उघडून गर्भाशय काढण्याशी तुलना करताना मोठ्या गुंतागुंती लॅप्रोस्कोपीत ११.१ टक्के आणि पोट उघडून ६.२ टक्के होत्या. तंत्र त्यानंतर बरंच सुधारलं आहे, पण लहान छेद म्हणजे आपोआप कमी धोका असं समजू नये, हे त्या चाचणीने पक्कं केलं. दुसरा आकडा थेट तुमच्या प्रश्नाचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत कफ लॅप्रोस्कोपीने शिवल्यावर तो उघडण्याचं प्रमाण १ टक्का होतं, योनीमार्गे शिवल्यावर २.७ टक्के. म्हणजे हे कौशल्य मेहनत घेण्यासारखं आहे. पण ते नीट येईपर्यंत दोन प्रयत्न फसले की वरिष्ठांकडे देणं किंवा खालून शिवणं हाच योग्य निर्णय. चिरडलेल्या कडेवरच्या पाचव्या प्रयत्नाची किंमत रुग्ण मोजते.

सरावासाठी प्रारूप असं करा. ३.५ सेंमी व्यासाची नळी घ्या, कोल्पोटॉमी कपाचं ते एक नेहमीचं माप आहे. आत लाल फ्लॅनेलची सुरळी, बाहेरून रबरी हातमोज्याचा थर, दोन्ही नळीच्या तोंडापुढे ३ सेंमी येतील असे. लाल थर अर्धा सेंमी आखूड ठेवा, म्हणजे तो श्लेष्मल त्वचेसारखा आखडेल. नळी बॉक्सच्या तळाशी तिरकी बसवा, तोंड आडवं दाबून. शिवून झालं की नळी काढून खालून बघा: प्रत्येक टाक्यात लाल आलं का? पाणी ओतून गळती बघा. वेळेऐवजी चुका लिहा: किती वेळा सुई पुन्हा धरली, किती टाक्यांत लाल सुटलं, अंतर किती चुकलं. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा-अर्धा तास जास्त टिकतो.

शिकाऊ_टाका

सर्वांचे आभार. चीर फिरवून आज करून पाहिलं, काटकोनात धरलेली सुई खरंच चिरेच्या लांबीने जाते! आणखी दोन शंका. बार्ब्ड (काटेरी, गाठ न लागणारा) दोरा वापरायचा असेल तर गाठीचा सराव कमी करू का? आणि टेबलाची उंची किती ठेवायची? खांदे भरून येतात.

मऊऊती

गाठ कमी करू नका. बार्ब्ड दोरा मध्येच तुटला, एखादा टाका सुटा घालावा लागला किंवा कोपऱ्यातून रक्त आलं, तर गाठच लागते. सुट्या टाक्यासाठी १५ सेंमी दोरा पुरतो. आधी दुहेरी वेढा, मग उलटसुलट दोन एकेरी. बार्ब्डमध्ये वेगळी काळजी घ्यायची: शेवट गाठल्यावर दोन टाके उलटे मागे घ्या आणि दोरा ऊतीला लागून कापा. काटेरी शेपूट बाहेर राहिलं तर त्यात आतडं अडकून आतड्याचा अडथळा होऊ शकतो. दर टाक्याला ताण तिथल्या तिथे द्या, कारण काटे बसल्यावर दोरा मागे घेता येत नाही. आणि फार आवळू नका, कड पांढरी पडली म्हणजे रक्तपुरवठा तुटला.

प्रतल

टेबल तुम्हाला वाटतं त्याहून बरंच खाली. डोकं खाली केल्यावर आणि पोट फुगल्यावर हत्यारांच्या मुठी वर येतात, म्हणून उंची ट्रेन्डेलेनबर्ग (ही डोकं खाली केलेली स्थिती) दिल्यानंतर पुन्हा ठरवा. मूठ कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली, कोपरात ९० ते १२० अंश. टेबल आणखी खाली जात नसेल तर पायाखाली स्टूल घ्या. पडदा तुम्ही हत्यारं चालवता त्याच दिशेत, नजरेच्या थोडा खाली. बॉक्सही घरी याच उंचीवर ठेवा. टेबलाशी बसून केलेल्या सरावात खांद्याला ही सवय लागत नाही.

निकालवही

एक राहिलं. डिस्चार्जच्या वेळी रुग्णाला नीट सांगणं हाही कफच्या निकालाचाच भाग आहे. किमान ६ ते ८ आठवडे संबंध नाही, योनीत काही घालायचं नाही. पाण्यासारखा स्राव अचानक आला, नवं रक्त दिसलं, ओटीपोटात कळ आली किंवा योनीत काही बाहेर आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी यायचं. आतडं बाहेर दिसलं तर ते आत ढकलायचं नाही, ओलं स्वच्छ कापड ठेवून लगेच रुग्णालयात. हे लेखी द्या आणि सोबतच्या नातेवाइकांनाही समजावून सांगा.