कमिशनचे पैसे इमारत फंडात देतो आणि जूनमध्ये नोकरी सोडून सेवेत येतो म्हणणारा तरुण: पंच कमिटीनं काय सांगावं?

करवीर_पंच

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या कोल्हापुरातल्या मंडळीतला (चर्चमधला) एक बत्तीस वर्षांचा तरुण शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत परचेसला आहे. भंगार पुरवणाऱ्याकडून तो किलोमागे ५० पैसे घ्यायचा. महिन्याला साधारण २० टन माल यायचा, म्हणजे १०,००० रुपये. असं १८ महिने चाललं, एकूण १,८०,००० रुपये. उपवास-प्रार्थनेच्या आठवड्यात त्यानं पाळकसाहेबांपुढे (पास्टरांपुढे) सगळं कबूल केलं. पश्चात्ताप खरा वाटतो, रडणं वरवरचं नव्हतं.

आता तो दोन गोष्टी म्हणतोय. एक, हे सगळे पैसे मंडळीच्या इमारत फंडात देतो. दोन, देवानं पाचारण केलं आहे, जूनमध्ये राजीनामा देऊन पूर्णवेळ सेवेत येतो. मंडळी त्याला महिन्याला १२,००० देऊ शकेल. घरात आई, पत्नी (खाजगी दवाखान्यात नर्स, पगार १८,०००) आणि शाळेतली दोन मुलं. त्याचा पगार हातात ३४,००० येतो.

घरखर्च त्यानं लिहून दिला आहे: गृहकर्जाचा हप्ता १४,५००, किराणा-दूध-गॅस-वीज १६,०००, मुलांची फी आणि रिक्षा ४,०००, आईची औषधं २,५००, विमा १,५००. बेरीज ३८,५००.

कमिटीत दोन मतं पडली आहेत. काही जण म्हणतात, देव देतोय तर घ्या, छताचं काम अडलंय. काहींना खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. जाणत्यांनी लिहावं.

निवृत्त पाळक, मिरज

करवीरसाहेब, खटकतंय ते बरोबरच खटकतंय. पैसे इमारत फंडात घेऊ नका. एक रुपयाही नको.

हे पैसे त्या तरुणाचे नाहीत, मग तो ते देणार कसे? पुरवठादारानं ५० पैसे पदरचे दिलेले नाहीत. त्यानं ते दरात चढवले आणि कंपनीनं भरले. म्हणजे धनको कंपनी आहे. एकाचं देणं असताना ते देवाला वाहिलं म्हणून हात झटकणं, यालाच प्रभूनं कर्बानच्या निमित्तानं दोष दिला (मार्क ७:११-१३). तिथं आईबापांचं देणं होतं, इथं मालकाचं आहे. प्रभूला धरून देण्यासाठी घेतलेले ३० रुपये यहूदानं परत टाकले, तेव्हा ते भांडारात घालणं योग्य नाही हे ते पैसे देणाऱ्या याजकांनासुद्धा कळलं (मत्तय २७:६). पंच कमिटीला ते कळू नये, असं होऊ नये.

रक्कम किती, हा प्रश्न पुढं येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. मोशेच्या नियमशास्त्रात दोन वेगळे दर आहेत. चोर पकडला गेला आणि जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. मारलं किंवा विकलं असेल तर मेंढरामागे चार आणि बैलामागे पाच (निर्गम २२:१-४). पण माणूस स्वतः दोष कबूल करून आला, तर पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा (लेवीय ६:२-५, गणना ५:७). जकातदार जक्कय कुणाच्या पकडण्यात सापडला नव्हता, तरी त्यानं चौपट आपणहून सांगितलं आणि अर्धी मालमत्ता गरिबांना दिली. त्याची चौपट सगळ्यांवर लादू नका, ती त्याच्या आनंदातून आली होती. शिवाय प्रभू त्याच्या घरी आधी गेला आणि चौपट नंतर आली. हा क्रम त्या तरुणाला नीट समजावा, नाहीतर तो तारणाचे हप्ते भरतोय असं समजून बसेल.

तुमच्या बाबतीत १,८०,००० अधिक पाचवा हिस्सा ३६,०००, म्हणजे २,१६,००० रुपये. हिशोब आठवणीवर सोडू नका. गाडीच्या वजनकाट्याच्या पावत्या किंवा त्याच्या बँक खात्यातल्या नोंदी जुळवा. शंका असेल तिथं जास्तीचा आकडा धरा.

देताना निनावी पाकीट नको आणि रोख नको. चेक किंवा खात्यावर भरणा, आणि सोबत पत्र. पत्र असं असावं:

«मी अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत भंगार खरेदीत पुरवठादाराकडून किलोला ५० पैसे घेतले. एकूण १,८०,००० रुपये होतात. हे पैसे कंपनीचे आहेत. त्यावर पाचवा हिस्सा धरून २,१६,००० रुपये परत करत आहे. आज ६०,००० आणि पुढे दरमहा १३,०००. आपण जो निर्णय घ्याल तो मला मान्य आहे.»

एवढंच. «चूक झाली असल्यास» नको, «पगार कमी होता» नको, «सगळेच घेतात» तर अजिबात नको. क्षमा मागावी, पण नोकरीवर ठेवा अशी विनंती त्याच पत्रात घालू नये. तसं केलं की कबुलीचा सौदा होतो. पुरवठादाराला आधी सांगावं की यापुढे घेणार नाही आणि मालकांना कळवणार आहे. मात्र ते सांगणं आणि मालकांची भेट एकाच आठवड्यात व्हावी. मध्ये वेळ गेला की दबाव येतो, आणि पश्चात्ताप बहुतेक वेळा तिथंच विरतो.

वकील_बावडा

पाळकसाहेबांचं म्हणणं मान्य आहे, पण पत्र देण्याआधी त्या तरुणानं एकदा वकिलाला भेटावं. पळवाट शोधायला नव्हे, समोर काय येऊ शकतं ते माहीत असावं म्हणून. मालकानं तक्रार दिली तर नोकरानं केलेल्या विश्वासघाताचा गुन्हा दाखल होऊ शकतो. १ जुलै २०२४ च्या आधीचे व्यवहार असतील तर जुन्या दंड संहितेचं कलम ४०८, नंतरचे असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. दोन्हींत शिक्षा सात वर्षांपर्यंत. कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होऊ शकते. लेखी कबुली हा पुरावा ठरतो, हे जाणूनच सही करावी.

ग्रॅच्युइटीचंही बघा. कायम नोकरीत पाच वर्षं झाली असतील तर शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १५/२६ ला वर्षांनी गुणून ती निघते. पण कंपनीचं नुकसान केलं म्हणून कामावरून काढलं, तर तेवढ्या नुकसानीची रक्कम त्यातून कापता येते. ती रक्कम त्यानं आत्तापासून खर्चात धरू नये.

राजारामपुरीची_ताई

मी एवढंच विचारते: त्याच्या पत्नीला कुणी विचारलं का? प्रश्नात तिचा पगार आहे, तिचं मत नाही.

गृहकर्जात पत्नी बहुतेक सहकर्जदार असते. हप्ता चुकला की बँकेच्या नोंदीत तिचंही नाव खराब होतं, मग उद्या मुलांच्या शिक्षणाला कर्ज मिळताना अडतं. म्हणून कमिटीनं तिला वेगळं बसवून विचारावं, शक्यतो पाळकीणबाई किंवा महिला मंडळातल्या जाणत्या बाईंनी. नवऱ्यासमोर «होय» म्हणणं सोपं असतं. तिला कमिशनचं माहीत आहे का, हा पहिला प्रश्न. माहीत नसेल तर मालकाच्याही आधी त्यानं घरी सांगायला हवं.

परतफेडीसाठी तिचे दागिने गुजरीत मोडायला निघाला तर थांबवा. ते तिचं स्त्रीधन आहे. मोटरसायकल विकावी, आपली भिशी मोडावी, फोन साधा घ्यावा. गुन्हा त्याचा, तर चटका त्यालाच बसू दे. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं म्हणजे वधस्तंभ उचलणं नव्हे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, हे आपण व्यासपीठावरून अभिमानानं सांगतो. पण त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. ती किंमत त्यांनी मोजली आणि त्याबद्दल स्वतः लिहूनही ठेवलं. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या आपल्या निर्णयानं, ओढून नेल्या म्हणून नव्हे. त्या तरुणाच्या पत्नीलाही तिचा निर्णय तिच्या वेळेनं घेऊ द्या.

गालील_किनारा

सगळ्यांबद्दल आदर आहे, पण हे बँकेत बसल्यासारखं चाललंय. प्रभूचे शिष्य पेत्र आणि आंद्रिया «लागलीच» जाळी सोडून निघाले (मार्क १:१८). त्यांनी हप्ते मोजले नाहीत. नांगराला हात घालून मागं बघणारा राज्यास योग्य नाही, हे प्रभूचंच वचन आहे. परतफेड करावी, ते मान्य. पण हप्ते फिटेपर्यंत पाचारणाला थांबवणं मला पटत नाही.

सेमिनरी शिक्षक, पुणे

गालील बंधू, तुमची कळकळ योग्य आहे, पण तोच अध्याय दोन ओळी पुढे वाचा. याकोब आणि योहान निघाले तेव्हा बाप जब्दीला त्यांनी मचव्यात मजुरांबरोबर सोडलं (मार्क १:२०). बाप एकटा पडला नाही, धंदा चालू राहिला. पेत्राचं घर मोडलं नाही, त्याच घरात सासूचा ताप उतरला (१:३०-३१). पुढे प्रेषित पौल लिहितो की पेत्र पत्नीला बरोबर घेऊन फिरत असे (१ करिंथ ९:५). जाळी लगेच सुटली, पण घरच्यांना कुणी वाऱ्यावर सोडलं नाही. संदेष्टा अलीशाचंही तसंच. बारा जोड्या नांगरत होत्या, त्यानं आपली जोडी कापली, जुवाच्या लाकडावर मांस शिजवून लोकांना जेवू घातलं आणि निघाला (१ राजे १९:१९-२१). गहाण पडलेली जोडी कापली असती तर ते बलिदान सावकाराच्या खर्चानं झालं असतं. आणि बुरुज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करा, हेही प्रभूनंच सांगितलं आहे, शिष्यत्वाच्या सगळ्यात कडक बोलण्याच्या मधोमध (लूक १४:२८-३०).

आता आकडे. दोघांचा पगार ५२,०००, खर्च ३८,५००, उरतात १३,५००. पाळकसाहेबांनी लिहिलेला १३,००० चा हप्ता बसतो, पण महिन्याकाठी ५०० च शिल्लक राहतात. त्यामुळे आजारपण आलं तर एखादा हप्ता लांबेल, हे मालकांना आधीच सांगून ठेवावं. ६०,००० आधी आणि १३,००० चे बारा हप्ते, की २,१६,००० फिटतात. ६०,००० त्याच्याकडे आहेत की नाहीत ते बघा. नसतील तर हप्ते वाढतील. कबुलीनंतर नोकरी गेली, तर दुसरी लागेपर्यंत हप्ता कमी करावा, बंद करू नये.

जूनमध्ये सोडली तर पत्नीचे १८,००० आणि मंडळीचे १२,००० मिळून ३०,०००. महिन्याला ८,५०० ची तूट, वर्षाला १,०२,०००, आणि परतफेड बाकीच. ही तूट कोण भरणार? कमिटीला ती भरायची असेल तर तसा ठराव करून इतिवृत्तात लिहा. «देव पुरवील» एवढं म्हणून उठू नका. सेमिनरीत पाठवायचं ठरलं तर आकडे आणखी कठीण होतात. सेरामपूर विद्यापीठाची बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) पदवीधराला साधारण चार वर्षं, पूर्णवेळ आणि निवासी. त्या काळात मंडळीचं मानधन थांबलं तर दरमहा २०,५०० ची तूट, फी वेगळी. म्हणून पहिली दोन वर्षं सेरामपूरचा बहिःस्थ अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करावा.

पाचारण तपासायचं कसं, हे प्रश्नात नाही, पण खरी गाठ तिथंच आहे. कबुलीनंतरच्या आठवड्यात माणसाला हलकं वाटतं, आणि ते हलकेपण पुष्कळांना पाचारण वाटतं. बाहेर पडण्याची ओढही त्यात मिसळलेली असते. ज्या टेबलावर पाप केलं तिथं रोज बसणं जड जातं. म्हणून त्याच टेबलावर निदान वर्षभर बसून प्रामाणिकपणे खरेदी करणं, हीच त्याची पहिली सेवा समजावी. मंडळीवर देखरेख करणाऱ्या अध्यक्षाला बाहेरच्यांचीही चांगली साक्ष असावी आणि तो नवशिका नसावा, असं पौल म्हणतो (१ तीमथ्य ३:६-७). बाहेरचे म्हणजे त्याचा मालक आणि तोच भंगारवाला. शौलालाही (म्हणजे पौलालाच) अंत्युखियातून पाठवलं ते तिथं वर्षभर शिकवून झाल्यावर, मंडळीनं उपवास करून (प्रे. कृत्ये ११:२६, १३:२-३).

या काळात त्याला व्यासपीठ देऊ नका. शब्बाथशाळेचा (मुलांच्या बायबल शाळेचा) लहान वर्ग द्या, दवाखान्यात भेटी द्यायला पाठवा, खेड्यातल्या घरसभेला मंडळीच्या वडिलांबरोबर (एल्डरबरोबर) पाठवा. बघा, वेळेवर येतो का, दुसऱ्याच्या हाताखाली राहतो का, कुणी नाव घेत नसतानाही करतो का. पैशाच्या कामाला, दशांश मोजायलासुद्धा, परतफेड पूर्ण होईपर्यंत बसवू नका. हे त्याला समोर बसवून सांगा, पाठीमागं ठरवू नका.

गालील बंधूंच्या म्हणण्यातला खरा धोकाही सांगतो. हिशोब करता करता माणूस साठीला येतो आणि मग पेन्शनवर सेवा करतो. म्हणून तारीख आजच लिहा. परतफेडीचं एक वर्ष, त्यानंतर तुटीसाठी शिल्लक टाकायचं एक वर्ष, आणि दोन वर्षांनी जूनमध्ये कमिटीची बैठक. दर सहा महिन्यांनी पाळक आणि दोन पंच त्याच्या घरी जाऊन दोघा नवराबायकोंना भेटतील, हेही त्यात लिहा.

करवीर_पंच

सगळ्यांचे आभार. काल त्याच्या पत्नीशी बोलणं झालं. तिला कमिशनचं माहीत नव्हतं. आता त्यानं सांगितलंय. दोन प्रश्न उरले: रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायची त्याची इच्छा आहे, द्यावी का? आणि मालकांकडे एकट्यानं जावं का?

निवृत्त पाळक, मिरज

साक्ष आत्ता नको. कबुलीचा घेर अपराधाइतकाच असावा. पाप मालकाविरुद्ध झालं, पत्नीला फसवलं गेलं, तेवढ्यांना कळलं की पुरे. मंडळीपुढे आधी बोलला तर टाळ्या मिळतील आणि मालकाकडे जाण्याची धार बोथट होईल. शिवाय बातमी शिरोलीत त्याच्या आधी पोचेल. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, हा क्रम प्रभूनं घालून दिला आहे (मत्तय ५:२३-२४). शेवटचा हप्ता फिटला की साक्ष द्यावी, तीही कंपनीचं नाव न घेता.

एकट्यानं पाठवू नका. पौलानं अनेसिम या दासाला त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत पाठवलं ते हातात पत्र देऊन आणि आपला सोबती तुखिक याच्याबरोबर. त्याचं देणं असेल तर माझ्या हिशोबी मांड, असं पौलानं स्वतःच्या हातानं लिहिलं (फिलेमोन १८-१९). पाळकसाहेब किंवा तुम्ही, दोघांपैकी एकानं बरोबर जावं. मालकांची वेळ आधी फोन करून घ्या, शिफ्ट बदलायच्या वेळेला नको. तुम्ही बोलायचं नाही, तोच बोलेल. मालक चिडले तर ऐकून घ्या. पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.